घट्ट झाकणाची बादली

कुइग्गाक,
६ ऑगस्ट १९७८

चि. इरालुक हिस, म्हणजेच तीर्थरूप आईस,

अनेक आशीर्वाद आणि लगोलग शि. सा. न. वि. वि. यातलं आधी काय घ्यायचं ते तू ठरव. माझ्या भावाची मुलगी म्हणून तुला आशीर्वाद, आणि माझ्या आईचं नाव घेऊन आलीस म्हणून नमस्कार. अँकरेजला तुझ्या वर्गातल्या मुलींना हे सांगितलंस तर त्या हसतील. हसू देत. त्यांच्याकडचं माणूस गेलं की गेलंच. माझी आई गेली, आणि पुढच्याच महिन्यात तू झालीस, तिचं नाव तुला दिलं, आणि नाव दिल्या दिल्या तू माझ्या मांडीवर मुतलीस. तेव्हापासून मी तुला आई म्हणते आणि कान मात्र तुझेच उपटते.

यंदा मासे उशिरा आले, पण आले ते नदीचं पाणी दिसेनासं होईल इतके आले. माझे हात अजून खवल्यांनी चमकतायत. सुकवायचे ते टांगून झाले. माशांच्या डोक्यांचं मात्र वाईट झालं. नेहमीसारखा खड्डा खणून, गवत अंथरून डोकी आंबवायला पुरली होती. अस्वलाने एका दुपारी येऊन सगळी फस्त केली आणि वर गवतही विस्कटून गेलं. वसिलीआजोबा कुंपणाशी उभे राहून बघत होते. मी विचारलं, की ओरडला का नाहीत, तर म्हणाले, की पाहुणा जेवत असताना ओरडणं बरं दिसत नाही. म्हातारा सत्तरीला आला तरी चहाटळपणा जात नाही.

म्हणून दुसऱ्या खेपेची डोकी मी तू पाठवलेल्या पांढऱ्या बादलीत घातली. किती स्वच्छ गं ती! झाकण असं घट्ट बसतं, की माशी काय, वासही बाहेर येत नाही. मातीत हात घालून खाऊ नका, असं तू गेल्या सुट्टीत सगळ्यांना बजावलं होतंस, ते मी विसरले नाही. बाहेर गारठा आहे म्हणून बादली चुलीमागे ठेवली आहे. आईच्या दिवसाला उघडू. तुझा वाटा जॅमच्या बरणीत भरून विमानाने धाडीन. तू खाल्लंस की तिला पोचलं. तिला डोकी किती आवडायची ते तुला सांगायला नको, किंवा सांगायलाच हवं, तू नाक मुरडतेस म्हणून.

शाळेचे मास्तर सुट्टीवर दक्षिणेला गेलेत. शाळेला कुलूप, आणि वायरलेस आत. तेव्हा निरोप द्यायचा तर पत्रच, आणि तेही धुकं विमानाला उतरू देईल तेव्हा. वसिलीआजोबांची सून ओल्गा दिवसांत आहे, तू परत येईपर्यंत तिने थांबावं असं मी तिला सांगून ठेवलंय. ती म्हणते, की हे माझ्या हातात नाही.

माया जशी आहे तशी राहू दे, सुकवून टांगायची वेळ आणू नकोस.

तुझी आत्या आणि लेक,
पानिग्वाक


अँकरेज,
१४ ऑगस्ट १९७८

ति. आत्यास,

बालके इरालुकचा शि. सा. न. वि. वि. तुझं पत्र मिळालं. अस्वलाचं वाचून एकटीच इतकी हसले, की खोलीतली मैत्रीण दचकून उठली.

बादली वापरलीस हे फार छान केलंस. आम्हाला सध्या जंतूंचा धडा चालू आहे. काचेखाली नदीच्या पाण्याचा एक थेंब ठेवला आणि पाहिलं तर आत जत्रा भरलेली. मास्तरीणबाई म्हणाल्या, की जे दिसत नाही तेच माणसाला मारतं. मला वाटलं, आमच्या गावात हे कोणाला शिकवायला नको. फक्त आम्ही त्याला दुसऱ्या नावाने ओळखतो, किंवा नाव न घेता ओळखतो.

एक गंमत सांगते, हसू नकोस. गेले काही दिवस मला आंबवलेल्या डोक्यांची भूक लागते. मला! लहानपणी तू पानात वाढलीस की मी ते कुत्र्याला घालायची. आता वर्गात बसल्या बसल्या तोंडात तीच चव येते, टाळ्याला झोंबणारी. ही भूक माझी नाही असं वाटतं. दुसरंच कोणीतरी आत बसून वाट बघतंय. इथे हे कोणाशी बोलता येत नाही, म्हणून तुला लिहिलं. बरणी लवकर पाठव, म्हणजे जिची भूक असेल तिची भागेल आणि मला अभ्यास करता येईल.

परीक्षा झाली की मी गावची रीतसर आरोग्यसेविका. मग तुझं जिभेवर ठेवायचं झाडपाल्याचं औषध बंद आणि माझी सुई चालू. ओल्गाला सांग, धीर धर.

रागावण्याएवढी तरी माझी आठवण काढत जा.

तुझी,
इरालुक


कुइग्गाक,
२२ ऑगस्ट १९७८

चि. इरालुक हिस,

अ. आ. आणि आईला सा. न. अक्षर वाकडं आलंय, समजून घे. ओळ एक काढली की शेजारी दुसरी दिसते, कोणत्या ओळीवर लिहायचं ते कळत नाही.

परवा आईचा दिवस झाला. बादलीचं झाकण फुगून वर आलं होतं, उघडलं तर सुस्कारा टाकल्यासारखा आवाज झाला. डोकी मऊ झाली होती, पण वास काही नेहमीसारखा झोंबला नाही. पहिला घास आईसाठी दाराबाहेर टाकला. मग वसिलीआजोबा आणि मी जेवलो. ओल्गाला अशा दिवसांत तो वास सोसवत नाही, म्हणून ती खिडकीशी तोंड करून बसली आणि आम्हाला नावं ठेवत राहिली.

काल ती दारातून आत आली तेव्हा दोघी आल्या. दोन ओल्गा, दोन पोटं. एक जरा वर आणि बाजूला, तिच्या पावलाला पाऊल लावून चालणारी. मी डोळे चोळले. मग वसिलीआजोबा आले, तेही दोन. ते माझ्याकडे बघत म्हणाले, की पानिग्वाक, तुझ्याशेजारी तुझ्यासारखी बाई कोण बसली आहे? तेव्हा समजलं, की त्यांनाही दिसतंय. आमची जुनी माणसं म्हणायची, की गेलेली माणसं पोटभर जेवली की जिवंतांना खेटून उभी राहतात. आम्ही दोघं एकमेकांच्या शेजारी बघत राहिलो. भिंतीवर आईची तसबीर आहे ना, तीही दोन झाली. एवढ्या वर्षांनी आई एकटी नव्हती, याचं मला फार बरं वाटलं.

ताप नाही, पोटात मुरडा नाही. फक्त तोंड सुकून गेलंय, पाणी प्यायलं तर नाकातून परत येतं, आणि पापण्या हाताने वर धराव्या लागतात. बोलते ते नाकातून येतं, ओल्गा आधी हसली, आता हसत नाही. भीती वाटत नाही, आणि त्याचीच थोडी वाटते.

तुझी बरणी बांधून ठेवली आहे. धुकं फाटलं तर हे पत्र आणि ती एकाच विमानाने निघतील. पोटभर खा. ती वाट बघत असेल.

आजवर केलेस तेवढेच लाड पुढेही कर.

तुझी,
पानिग्वाक


बेथेल, धावपट्टीशेजारून,
२५ ऑगस्ट १९७८

ति. आत्यास, आणि हे पत्र जो कोणी फोडेल त्यास,

नमस्कार गृहीत धरावा, वेळ नाही. बादलीतलं कोणी काही खाऊ नका. कुत्र्यांनाही घालू नका. बादली खोल पुरा आणि हात चुलीवर उकळून निववलेल्या पाण्याने धुवा.

बरणी आणि पत्र मला एकदमच मिळालं. आत्या, मी बरणी उघडली होती. एका हातात चमचा होता आणि दुसऱ्या हातात तुझं पत्र. चमचा ओठाला लागणार एवढ्यात दोन ओल्गा आल्याचं वाचलं. त्याच आठवड्यात बाईंनी आम्हाला हे शिकवलं होतं. काही जंतू असे असतात, की त्यांना हवा मारते. खड्ड्यात गवतातून हवा खेळते, माती गार असते, म्हणून आपल्या आज्या-पणज्यांना कधी काही झालं नाही. घट्ट झाकण आणि चुलीची ऊब मिळाली की ते विष तयार करतात. डोळ्यांपुढे दोन दिसणं ही पहिली खूण. तुझ्याशेजारी कोणी बसलेलं नाही गं. मीच ती बादली पाठवली.

डॉक्टर आणि विषावरचा उतारा घेऊन मी इथवर आले आहे, पण धुक्यामुळे विमान उडत नाही. खाली समुद्राकडे निघालेल्या एका होडीवाल्याजवळ हे पत्र देते. तो कदाचित आमच्या आधी पोचेल.

वाचणाऱ्याने नीट ऐका. दोघांना कुशीवर निजवा, घशात थुंकी साचू देऊ नका. ते हलणार नाहीत, डोळे उघडणार नाहीत, श्वास इतका बारीक होईल की लागणार नाही. तरी ते झोपलेले नसतील आणि गेलेलेही नसतील. त्यांना सगळं ऐकू येत असेल. त्यांच्याशी बोलत राहा. काहीही वाईट बोलू नका. ती ऐकते.

आत्या, दम धर. मी येते आहे.

इरालुक


कुइग्गाक,
९ ऑक्टोबर १९७८

ति. आत्यास,

शि. सा. न. वि. वि. इस्पितळाकडून कळलं, की तुला श्वासाच्या यंत्रावरून काढलं आणि तू परिचारिकेच्या हाताला चिमटा काढलास. मग आता काळजी नाही, असं मी सगळ्यांना सांगितलं. हे पत्र तीच तुला वाचून दाखवील. चिमट्याबद्दल तिची माफी माग.

आता तू शहरात आणि मी गावात, सगळं उलटं झालं. तुझ्या घरातच राहते. वसिलीआजोबांना मी पोचायच्या आदल्या दिवशीच सगळं संपलं होतं, ते तुला माहीत आहे. त्यांना त्यांच्या बायकोशेजारी ठेवलं. माझ्या डोळ्यांसमोरून ते हलत नाहीत. मी गावाला स्वच्छता शिकवली आणि गावाने ती मनापासून पाळली, असं रोज सकाळी उठून आठवतं. आता घरोघर जाऊन सांगते, की खड्डाच बरा, गवतच बरं, झाकण नको. लोक ऐकून घेतात. कोणी मला टोचून बोलत नाही, बोलले असते तर सोपं गेलं असतं.

ओल्गाला मुलगी झाली. गुटगुटीत आहे, जावळ दाट आहे. नाव अजून पक्कं नाही. मी वजनकाट्याची झोळी टांगली आहे, तीत पहिली स्वारी या पोरीचीच झाली.

लोक तुझी चौकशी करतात. म्हणजे, करतील. सध्या सगळे कामात आहेत. नदी काठाने गोठायला लागली.

तू परत येईपर्यंत चूल विझू देणार नाही.

तुझी,
इरालुक


अँकरेज, इस्पितळ,
२ डिसेंबर १९७८

चि. इरालुक हिस, तीर्थरूप आईस,

अ. आ. आणि सा. न. आज पहिल्यांदा स्वतःच्या हाताने लिहिते आहे. चार ओळी झाल्या की हात बाजूला ठेवून त्याला विश्रांती देते.

नाव अजून पक्कं नाही म्हणे! माझ्यापुढे थापा मारतेस? कान उपटायला मी जवळ नाही म्हणून धीटपणा आला. आणि लोक माझी चौकशी का करत नाहीत, तेही मला माहीत आहे. अगं, मी तिथेच होते.

पापण्या बंद होत्या, पण कान उघडे होते. पलीकडच्या अंथरुणावर वसिलीआजोबांचा श्वास करवतीसारखा चालला होता, तो थांबला. बायका रडल्या. मग कोणीतरी माझ्या तोंडाशी गाल आणला आणि म्हणालं, की हीही गेली. मी म्हणाले, की नाही. माझ्या मते मी मोठ्याने म्हणाले. त्यांनी माझं तोंड कोमट पाण्याने पुसलं, केस विंचरले, आणि तो निळा झगा घातला, जो मी फक्त चर्चला घालते. विंचरणाऱ्या बाईचा हात हलका होता. मेलेल्या माणसाचं इतकं हळुवार करतात हे मला ठाऊक नव्हतं, नाहीतर जिवंतपणी थोडं मागून घेतलं असतं.

त्या रडारडीत ओल्गाला कळा सुरू झाल्या. पडद्यापलीकडेच. मी सगळं ऐकत होते. पोर झाली, पण ती रडली ती थांबेचना. सुईण म्हातारीने बोट पाण्यात बुडवून तिच्या ओठांना लावलं आणि म्हणाली, की आलीस का गं पानिग्वाक, लवकर आलीस. मी इकडून ओ दिली. जीव एकवटून दिली. आणि इरालुक, पलीकडे पोर रडायची थांबली. सगळ्या बायका समाधानाने म्हणाल्या, की ओळखलं, ओळखलं. हाक मला मारली होती आणि ओ तिने दिली.

त्याच घटकेला मला हलकं वाटलं. जिना उतरताना एक पायरी कमी निघावी तसं. मग मला कसलीच घाई राहिली नाही.

पुढे होडीवाला आला. तुझं पत्र मोठ्याने वाचलं गेलं. ती ऐकते, असं तो वाचून गेला आणि घरात एकदम कोणी श्वाससुद्धा घेईना. खूप वेळाने कोणीतरी माझ्या नाकाशी पीस धरलं. ते हललं तेव्हा जी किंकाळी उठली ती आनंदाची नव्हती. मला विमानात घालताना तुझ्याशिवाय कोणी हात लावायला पुढे आलं नाही.

तेव्हा लपवाछपवी पुरे. पोर कशी आहे ते खरं लिही.

खोटं लिहायचं असेल तर आशीर्वाद परत घेईन.

तुझी,
पानिग्वाक


कुइग्गाक,
२० जानेवारी १९७९

ति. आत्यास,

शि. सा. न. वि. वि. तू सगळं ऐकलंस हे वाचून मी पत्र उलटं करून ठेवलं आणि बाहेर जाऊन उभी राहिले. आता खरं लिहिते.

पोर वाढत नाही. दोन महिने छान होती, मग झोळीचा काटा खाली येऊ लागला. ओल्गाला दूध भरपूर आहे, पण ही तोंड लावते आणि सोडते. मी नखशिखांत तपासलं. डॉक्टर विमानाने येऊन गेले, रक्त नेलं, सगळं चांगलं आहे म्हणाले. पापण्या पडलेल्या नाहीत, ताप नाही. नावाने हाक मारली, की ती हाक मारणाऱ्याकडे बघत नाही, दाराकडे बघते. मग सगळेच दाराकडे बघतात.

गावात कोणी मोठ्याने बोलत नाही. पण गेलेल्याचं नाव येणाऱ्याला मिळतं, आणि इथे तर गेलंच नव्हतं कोणी. एक नाव दोन अंगांना पुरत नाही, असं सुईण म्हातारी चुलीकडे बघून म्हणाली. तुझं मागचं पत्र आलं तेव्हा ओल्गा माझ्याकडेच बसली होती. खालची सही मी वाचली आणि तिच्या मांडीवरची पोर प्यायलेलं सगळं ओकली. योगायोग. मी माझ्या वहीतही योगायोगच म्हणते.

ओल्गा काही मागत नाही. रोज येते, पोरीला घेऊन दारात उभी राहते, हवापाण्याचं बोलते आणि जाते. सासरा गेला, आता ही. मी आरोग्यसेविका आहे, नावाने कोणी आजारी पडत नाही हे तिला समजावणं माझं काम आहे, आणि माझी जीभ उचलत नाही. कारण आत्या, मीही इरालुक आहे. तुला काय विचारू, तेही मला कळत नाही.

रागावू नकोस, आणि उत्तर मात्र लवकर दे.

तुझी,
इरालुक


अँकरेज,
३ फेब्रुवारी १९७९

तीर्थरूप आईस,

शि. सा. न. वि. वि. या वेळी आशीर्वाद आधी नाही, कारण तुला सल्ला द्यायला नाही, तुझ्या पाया पडायला लिहिते आहे. नाव तू मला दिलं होतंस. ते मी पुढे दिलं, हे तुला विचारून करायला हवं होतं.

ओल्गाला सांग, की रोज थंडीत दारात उभी राहू नकोस. आत ये म्हणावं. पानिग्वाक ऑगस्टमध्ये गेली, तिला नीट न्हाऊमाखू घातलं, केस विंचरले, निळा झगा घातला, कशात काही कमी केलं नाही. ती लगेच परत आली आणि ओल्गाच्या मांडीवर आहे. दिलेलं परत मागायची आपल्याकडे पद्धत नाही. हे पत्र पोरीसमोर मोठ्याने वाच. ती ऐकते.

पानिग्वाकला काय आवडतं तेही सांगून ठेव. दात आले की सीलच्या तेलात घोळलेल्या बेरी. पायाला गार लागलं की ती चिडते. तिला कोणी घाई केलेली खपत नाही. आणि उन्हाळ्यात डोकी पुराल तेव्हा खाली गवत, वर गवत, मध्ये हवा. पहिला वाटा तू खा, नाक न मुरडता. मागच्या बरणीतलं पोचलं नाही, माझी आई अजून उपाशी आहे.

डोळे अगदी बरे झाले. डॉक्टरांनी बोटं दाखवली, ती मी बरोबर मोजली. माणसं एकेकटी दिसतात, आणि खरं सांगते, फार एकटी दिसतात. आरशात बघते तेव्हा माझ्याशेजारची जागा रिकामी असते. ती कुठे गेली आहे ते मला माहीत आहे, म्हणून शोधत नाही.

बर्फ वितळला की पहिल्या विमानाने येईन. धावपट्टीवर मला लांबून हाक मारू नकोस, चुकून कोणी दुसरीच ओ देईल. नुसती समोर येऊन उभी राहा. मी तुला ओळखीन. घरात मला काय म्हणायचं ते तू ठरव, किंवा काहीच म्हणू नकोस, चहा पुढे केलास तरी मला कळेल की तो माझा आहे. पोर प्यायली का, एवढंच आधी कळव.

लोभ आहे तसाच राहू दे. तो नावावर नव्हता.

तुझी,